दातांची तार

आमचे हमरापूर पेण तालुक्यात आहे. आमचा गाव, जोहे आणि कळवे ही गावे गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. शाडूची ओली मूर्ती कोणी कडक उन्हात ठेवीत नाही. ठेवली तर तिला तडा जातो. ती सावलीत हळूहळू वाळवावी लागते. दातांना तार लावतात, तिचेही असेच आहे. तिथे घाई चालत नाही आणि हयगयही चालत नाही.

एका कारागिराची मुलगी आमच्या शाळेत होती. पोर हुशार होती. पण बोलताना तोंडावर हात धरी. मला वाटे, लाजाळू आहे. "हात खाली घे, मोठ्याने वाच," असे मी रागावतही असे. पुढे कळले, की तिचे वरचे दात पुढे आले होते. मुले तिला चिडवीत. मला माझीच लाज वाटली.

तिच्या बापाने पैसे साठवून तार लावून घेतली. चार महिने बरे गेले. श्रावणात तिने भाजलेले मक्याचे कणीस दातांनी ओरबाडून खाल्ले. पुढच्या दातावरचा तुकडा निघाला. मी बापाला म्हटले, "अरे, डॉक्टरांकडे कधी नेतोस?"

तो म्हणाला, "गुरुजी, गणपती तोंडावर आलेत. रंगकाम पडलंय. विसर्जन झालं की नेतो."

दोन महिने गेले. सुटलेला दात मागे राहिला. उपचार लांबला. खर्चही वाढला. पण दोष एकट्या पोरीचा नव्हता. काय खावे, काय टाळावे, हे घरात कोणाला ठाऊकच नव्हते.

तार काय करते?

दात जबड्याच्या हाडात बसलेला असतो. प्रत्येक दातावर एक बारका तुकडा चिकटवतात. त्याला ब्रॅकेट म्हणतात. सर्व ब्रॅकेटांतून तार ओवतात. तार दातावर हलका दाब देते. ज्या बाजूला दाब पडतो, तिकडचे हाड झिजते. मागच्या बाजूला नवे हाड भरते. असा दात सरकतो. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कमी. म्हणून बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात.

काय खावे?

ऊस, फुटाणे, चिक्की, सुके खोबरे, बर्फ हे तार असेपर्यंत बंद. कणीस दातांनी खाऊ नये, दाणे काढून उकडून खावे. पेरू, सफरचंद यांच्या बारीक फोडी कराव्यात. भाकरी आमटीत कुस्करावी. पोपटी लावली तर वालाच्या शेंगा सोलून दाणे खावेत. कोंबडीचे हाड चावू नये. उकडीचा मोदक मऊ असतो, तो खुशाल खावा. पण गूळ दातांना चिकटतो. लगेच चूळ भरावी व दात घासावेत. चिकट गोळ्या आणि बाटलीतली गोड थंड पेये टाळावीत. पेन्सिल आणि नखे चावू नयेत.

दात कसे घासावे?

तारेत अन्न अडकते. ते तसेच राहिले तर दातावर पांढरे डाग पडतात, पुढे कीड लागते. तार निघाल्यावरही ते डाग राहतात. म्हणून सकाळी आणि रात्री झोपताना मऊ ब्रशाने दात घासावेत. पेस्ट फ्लोराइडची असावी. आधी ब्रॅकेटच्या वर, मग खाली आणि हिरडीच्या कडेने ब्रश फिरवावा. तारेखाली जाणारा बारीक ब्रशही मिळतो. प्रत्येक जेवणानंतर चूळ भरावी. मिश्री तर कोणीच लावू नये. तिच्यात तंबाखू असते.

दुखले तर?

तार लावल्यावर किंवा आवळल्यावर तीन-चार दिवस दात ठणकतात. घाबरू नये. पेज, मऊ भात, वरण खावे. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. तार गालाला टोचली तर दवाखान्यातून मिळणारे मेण तिथे लावावे. घरच्या पकडीने तार वाकवू नये. ब्रॅकेट सुटले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे. रबर दिले असतील तर सांगितले तितके तास लावावेत.

तारीख चुकवू नये

चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टर तार तपासतात. ते काम अर्ध्या तासाचे. बाकीचे सारे दिवस घराच्या हातात असतात. लावणी असो, गणपती असो, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत सरकारी दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ आहे. मुंबई सेंट्रलजवळ पालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे. तिथे खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो.

तार निघाल्यावर

काम संपले असे समजू नये. दात जुन्या जागी परतू पाहतात. म्हणून डॉक्टर रिटेनर देतात. काढता येणारा रिटेनर सांगतील तितके दिवस लावावा. तो थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने तो वाकतो. काढल्यावर डबीत ठेवावा. कागदात गुंडाळला तर केराबरोबर जातो.

त्या पोरीची आजी पुढे पहारेकरी झाली. "बाय, चूळ भरलीस का?" असे रोज विचारी. पोरीची तार निघाली, तेव्हा तिने मला वर्तमानपत्र वाचून दाखविले. मोठ्याने वाचले. तोंडावर हात नव्हता.

लक्षात ठेवा

कडक आणि चिकट खाऊ नका.
दोन वेळा दात घासा.
तारीख चुकवू नका.
सुटलेले ब्रॅकेट लगेच दाखवा.
रिटेनर सांगितला तितका काळ लावा.