आवाज घरात आहे, किल्ली कुठे?

ठाण्याहून वाशीकडे निघालेली लोकल ऐरोली मागे टाकते आणि रबाळे येते. परिसरात आगरी-कोळ्यांची जुनी गावठाणे आहेत आणि त्यांच्या शेजारीच ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत पसरली आहे. एके काळी या पट्ट्याचे नाव घेतले की कारखान्यांची धुराडी डोळ्यांपुढे उभी राहत. आज त्याच वसाहतीत डेटा सेंटरच्या प्रचंड इमारती दिसतात. आत रात्रंदिवस थंड हवा खेळती ठेवलेली असते, वीज क्षणभरही जाऊ दिली जात नाही, आणि हजारो यंत्रांत लोकांचे हिशेब, पत्रव्यवहार, छायाचित्रे असे सारे काही जपून ठेवलेले असते.

माहिती कशी सांभाळावी हे शिकायचे तर रबाळ्याला जावे, असे कोणी म्हटले तर ते वावगे ठरू नये. परंतु सांभाळणे वेगळे आणि उघडून ऐकणे वेगळे. वाड्यातली कुलूपबंद पेटी शंभर वर्षे सुखरूप राहील. पण किल्लीच हरवली तर तिच्यातल्या दागिन्यांचा उपयोग काय? आज अनेक मध्यमवर्गीय घरांत अशा पेट्या आहेत, आणि त्यांत दागिन्यांहून मोलाची वस्तू आहे. ती म्हणजे गेलेल्या माणसांचे आवाज.

आजी एका ट्रॅकवर

आगरी-कोळी लग्नांत धवलारीण असते. ती धवले गाते आणि त्या गाण्यांच्या आधारेच लग्नाचे विधी पार पाडते. ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच चालत आली. आता समजा, रबाळ्याच्या गावठाणातल्या एखाद्या घरी २००६ साली एका हौशी नातवाने आपल्या धवलारीण आजीचे धवले संगणकावर मुद्रित केले. आजीचा आवाज एका ट्रॅकवर, साथीच्या बायकांचा दुसऱ्यावर. मग उत्साहाच्या भरात तिसऱ्यावर ढोलकी आणि चौथ्यावर कीबोर्ड! सगळे एकत्र करून त्याने सीडी काढली आणि नातेवाइकांना वाटली. पुढे आजी गेली. आता घरात पणतीचे लग्न ठरले आहे. तिला आजीचा नुसता आवाज हवा आहे. सीडीवर तो कीबोर्डाखाली दबलेला. सुटा, स्वच्छ आवाज आहे तो त्या जुन्या प्रोजेक्टमध्ये.

नातवाने फाइली जिवापाड जपल्या आहेत. संगणक बदलले, तशा त्या एका यंत्रावरून दुसऱ्यावर आल्या. एक अक्षरही गहाळ नाही. पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायला जावे तर ते सरळ नकार देते, नाही तर उघडते आणि मधेच मुके होते.

हे असे का व्हावे? १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांच्या गाण्याची मुद्रणे झाली. त्या काळची तबकडी आजही फिरवून सुई ठेवली की गाऊ लागते. शंभरावर वर्षांची तबकडी गाते आणि वीस वर्षांची फाइल मात्र अबोल, हा काय प्रकार आहे?

पाककृतीची वही

याचे कारण समजायला आपल्या स्वयंपाकघरात चला. वाटीत वाढलेली आमटी ही एक गोष्ट आणि आमटीची कृती लिहिलेली वही ही दुसरी. सीडी किंवा साधी वेव्ह फाइल म्हणजे वाढलेली आमटी. प्रोजेक्ट फाइल म्हणजे वही. तिच्यात आवाज नसतोही. असतात त्या सूचना: ‘अमुक तुकडा इथून घ्या, इतका कापा, इथे हळू करा, इथे घुमारा द्या.’

आता वहीत असे लिहिले असेल की, ‘फडताळात डावीकडून दुसऱ्या डब्यातला मसाला दोन चमचे’, आणि दरम्यान सुनेने डबे हलवले असतील, तर? वही शाबूत, मसालाही घरातच, पण आमटी होणार नाही. आणि ‘आमचा नेहमीचा मसाला’ म्हणजे कोणता, हे सांगणारेच हयात नसेल तर प्रश्न आणखी बिकट. जुन्या प्रोजेक्टांवर हे दोन्ही प्रसंग येतात.

घरगुती ध्वनिमुद्रणात लोकप्रिय झालेले ‘ऑडॅसिटी’ घ्या. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ साली त्याचे काम सुरू केले. २००० साली ते सर्वांना फुकट मिळू लागले. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत प्रोजेक्टचे दोन भाग असत. एक ‘एयूपी’ नावाची छोटी फाइल, म्हणजे वही. दुसरे ‘डेटा’ असे शेपूट लावलेले फोल्डर, म्हणजे फडताळ. त्या फोल्डरात आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून ठेवलेले असत. नेहमीच्या मुद्रणात एकेक तुकडा साधारण सहा सेकंदांचा. म्हणजे एका तासाच्या एका ट्रॅकचे सहाशे तुकडे झाले!

पुष्कळांनी पेन ड्राइव्हवर नक्कल करताना छोटी फाइल तेवढी घेतली आणि फोल्डर जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेले. काहींनी नीटनेटकेपणाच्या भरात फोल्डरचे नाव बदलले. दोन्ही ठिकाणी परिणाम एकच. सॉफ्टवेअर सांगितलेल्या जागी तुकडा शोधते, आणि तो सापडला नाही की त्याच्या जागी शांतता भरते. आजीच्या गाण्यात सहा सेकंदांचे भोक पडते ते असे.

मार्च २०२१ मध्ये ऑडॅसिटीची तिसरी आवृत्ती आली आणि ही दोन भागांची भानगड संपली. सारे काही ‘एयूपी३’ नावाच्या एकाच फाइलीत राहू लागले. नवी आवृत्ती जुने प्रोजेक्ट वाचते आणि त्याचे नव्या स्वरूपात रूपांतर करते. जुने होते तसे राहते. मात्र नव्या स्वरूपातली फाइल जुन्या आवृत्तीला उघडता येत नाही. शिवाय अगदी सुरुवातीच्या, पहिल्या आवृत्तीतली प्रोजेक्टे असतील तर ती नव्या घरात एकदम येत नाहीत. तिसऱ्याच्या आधीच्या एखाद्या आवृत्तीत उघडून ती सुधारून घ्यावी लागतात आणि मग पुढे आणावी लागतात. पणजीचे बोलणे पणतीला कळावे म्हणून मधे आजीला बसवावे, तसाच हा प्रकार!

व्यवसायातल्या सॉफ्टवेअरची कथाही निराळी नाही. सिंट्रिलियम कंपनीचे ‘कूल एडिट’ २००३ साली अडोबीने विकत घेतले आणि त्याचे नाव ‘ऑडिशन’ ठेवले. २०११ साली ऑडिशन नव्याने लिहिले गेले आणि त्याच्या सेशन फाइलीचे स्वरूप बदलले. जुनी सेशन आधी जुन्याच ऑडिशनमध्ये उघडून वेगळ्या मजकुरी स्वरूपात जतन करावी, तेव्हा ती नव्यात शिरे. ज्यांनी जुने सॉफ्टवेअर काढून टाकले होते त्यांची पंचाईत झाली. त्यातच २०१९ सालापासून मॅक संगणकांच्या नव्या प्रणालीने जुन्या ३२ बिटांच्या प्रोग्रॅमांना दारच बंद केले. घुमारा देणारी, आवाज गोड करणारी कितीतरी जुनी उपकरणे त्या दिवशी अस्तंगत झाली. वहीतला ‘नेहमीचा मसाला’ बाजारातून नाहीसा झाला तो हा.

मराठीला हा अनुभव नवा नाही

अक्षरांच्या बाबतीत आपण हे भोगले आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकलेला असे. तो फाँट संगणकावर नसला की लग्नपत्रिकेचा मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी होऊन पुढे येई. त्याहून मागे जायचे तर मोडी आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद आहेत, शाई आहे. वाचणारे मात्र मोजके.

आणि आवाज व अक्षरे दोन्ही वाचवण्याचे एक थोर उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रातले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दांपत्याने सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञ संगीत-अभ्यासकाने १९९५च्या अखेरीपासून त्यांना साथ दिली आणि शंभरावर तासांचे ध्वनिमुद्रण व मजकूर यांचा संग्रह सिद्ध केला. पॉइतवँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१५ साली हे काम पुन्हा हाती घेतले तेव्हा ओव्यांचा देवनागरी मजकूर वेगवेगळ्या संकेतपद्धतींत अडकलेला होता. तो सारा नव्या पद्धतीत उतरवावा लागला. २०१७ सालापासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ओव्या घरबसल्या ऐकायला मिळतात. मूळ माणसे गेल्यानंतरही जाणकार हयात होते आणि त्यांनी वेळेवर हात घातला, म्हणून हे साधले. आपल्या घरच्या आजीसाठी असे तज्ज्ञमंडळ बसणार नाही. ते काम आपणच करायचे.

करायचे काय?

पहिले पथ्य हे की, जुन्या फाइलीला हात लावण्यापूर्वी तिची सबंध नक्कल करावी, वही आणि फडताळ दोन्हींची, आणि प्रयोग नकलेवरच करावेत. जुन्या ऑडॅसिटीत ‘तुकडे सापडत नाहीत’ असा इशारा आला तर कायमची शांतता भरायला संमती देऊ नये. काही न बदलता प्रोजेक्ट बंद करावे आणि फोल्डरचा शोध घ्यावा. ‘एयूपी’ फाइल ही मजकुराचीच असल्यामुळे नोटपॅडमध्ये उघडली तर तिला कोणत्या नावाचे फोल्डर हवे आहे ते वाचता येते. कित्येकदा नाव पूर्ववत करताच आवाज परत येतो.

दुसरे, प्रोजेक्ट ज्या आवृत्तीत केले ती, किंवा तिच्या जवळची आवृत्ती मिळवावी. माळ्यावरचा जुना संगणक अजून चालू होत असेल तर तो दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये. त्याच्या पोटात किल्ली असू शकते.

तिसरे, आणि हेच सर्वांत महत्त्वाचे. एकदा प्रोजेक्ट उघडले की त्यातला प्रत्येक ट्रॅक वेगळा काढून साध्या वेव्ह फाइलीत जतन करावा. वेव्ह हे स्वरूप १९९१ सालचे आहे आणि आजचे जवळजवळ प्रत्येक ध्वनी-सॉफ्टवेअर ते वाचते. प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून, सुरुवातीच्या रिकाम्या जागेसकट काढावा. मग उद्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळे ट्रॅक एकाखाली एक ठेवले की आजीच्या ओळीला साथीच्या बायका नेमक्या वेळी गळा देतील. फाइलींना ‘आजी’, ‘साथ’, ‘ढोलकी’ अशी समजतील अशी नावे द्यावीत, आणि सोबत कोण गाते आहे, कुठे, कोणत्या साली, एवढे साध्या मजकुरात लिहून ठेवावे.

जागेची चिंता नको. सीडीच्या दर्जाचा एका माणसाचा आवाज मिनिटाला सुमारे पाच एमबी जागा घेतो. पाच मिनिटांचे गाणे, चार ट्रॅक, म्हणजे अवघे शंभर एमबी. हल्ली याहून अधिक जागा एका बारशाचे व्हिडिओ खातात. दोन प्रती करून एक दुसऱ्या घरी ठेवली म्हणजे झाले.

ही कामे कठीण नाहीत. एका सुटीच्या दिवसाची आहेत. फक्त ती करणाऱ्याला आठवण असावी लागते की, ढोलकीच्या आधी कोणता ट्रॅक होता आणि ‘नवीन दोन अंतिम’ या नावामागे काय दडले आहे. ही आठवण कोणत्याही डेटा सेंटरमध्ये ठेवता येत नाही. ती त्या नातवाच्या डोक्यात आहे, आणि तो आता चाळिशीला आला आहे.