चिंबोरीच्या टरफलातून कायटोसान : फेकण्याआधी हे वाचा

ट्रॉम्बे : ठाणे खाडीची चिंबोरी खाऊन झाली की टरफल थेट कचऱ्यात जातं आणि दोन दिवसांत दुर्गंधी सुटते. पण याच टरफलातून कायटोसान बनतं. जखमेचं रक्त थांबवणारी पट्टी, पाणी शुद्धीकरण, पिकांवरची फवारणी अशा कामांना ते वापरतात.

सुक्या टरफलात साधारण २० ते ३० टक्के कायटिन असतं. बाकी बहुतेक चुना आणि प्रथिनं. म्हणजे काम एवढंच : बाकीचं काढायचं आणि कायटिन जपायचं.

कसं बनतं?

आधी टरफल धुऊन, वाळवून भरडतात. सौम्य कॉस्टिक सोड्यात तापवून प्रथिनं काढतात. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात चुना विरघळवतात. यात फेस येतो, म्हणून आम्ल हळूहळू घालावं लागतं. बुडबुडे थांबले की चुना संपत आला समजायचं. उरतं ते कायटिन. ते ४० ते ५० टक्के कॉस्टिकमध्ये सुमारे १०० अंशांवर काही तास ठेवलं की कायटोसान तयार होतं. प्रत्येक टप्प्यानंतर भरपूर पाण्यानं धुणं आलंच.

खरी मेख कुठे?

प्रमाणात. भरड जाड राहिली तर आम्ल आतपर्यंत पोहोचत नाही आणि चुना राहतो. आम्ल किंवा उष्णता जास्त झाली, वेळ लांबला, तर कायटिनची साखळी तुटते आणि माल पातळ पडतो. शेवटचा टप्पा अपुरा राहिला तर माल सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळतच नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून, नोंद ठेवत योग्य प्रमाण शोधतात.

घरी करावं का?

नाही! कढत कॉस्टिकनं कातडी जळते, डोळे जाऊ शकतात. शिवाय ते पाणी खाडीत सोडलं तर चिंबोरीच्याच मुळावर यायचं. सांडपाणी प्रक्रियेशिवाय हा धंदा नाही.

मग करायचं काय?

चिंबोरी बहुतेक जिवंतच विकली जाते, त्यामुळे टरफल साचतं ते हॉटेल-खानावळीत. कोळंबीच्या सालीतूनही कायटोसान निघतं, आणि ती सोलणाऱ्यांकडे एका जागी मिळते. बचत गटानं टरफल ताजं असतानाच गोळा करावं, मांस काढून धुवावं, कडकडीत वाळवावं, कोळंबीची साल वेगळी ठेवावी. पण आधी घेणारा कारखाना आणि दर पक्का करा, मगच पोती भरा. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था याच विषयावर काम करते. तिथे माहिती विचारता येईल.