माळ्यावरचा डबा आणि कोसंबींचा तराजू

मुरबाडहून एका वाचकाने विचारलं आहे : वडिलांनी जमवलेली जुनी नाणी पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवली होती. त्यांच्या माघारी डबा कोणी उघडला नाही. आता घर पाडून नवं बांधायचं आहे. इतकी वर्षं अंधारात पडून राहिलेली नाणी जशीच्या तशी असतील का? आणि विकली तर किती येतील?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी उरकून घेतो. पाच रुपयांच्या अमुक नाण्याला दहा लाख मिळतात असे निरोप मोबाइलवर रोज फिरतात. त्यातल्या बहुतेकांचा शेवट 'आधी नोंदणी फी भरा' इथे होतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं, की आमचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नाण्यानोटांच्या व्यवहारावर फी, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांशी आमचा काही संबंध नाही. विषय संपला. पहिला प्रश्न मात्र फार सुंदर आहे.

नाणं व्यवहारात असतं तेव्हा झिजतं. डब्यात गेलं की झीज थांबते आणि गंजाची पाळी येते. 'नुसतं पडून आहे' असं आपण म्हणतो, पण धातूला ते मान्य नसतं, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी तर नाहीच. शहापूर-मुरबाडला पावसाळ्याचे चार महिने पापड सादळतात, काडेपेटी पेटत नाही, चामड्याच्या चपलेला बुरशी धरते. पत्र्याच्या डब्याचं झाकण कितीही घट्ट बसलं तरी ती दमट हवा आत पोचतेच.

आत काय काय असेल याचा अंदाज बांधता येतो. त्या पिढीच्या संग्रहात साधारण एकाच काळातली नाणी असतात. राणीछाप किंवा पंचम जॉर्जचा रुपया असेल तर तो ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. १९४० नंतरचा असेल तर चांदी निम्मीच, बाकी ४० टक्के तांबं आणि थोडं निकेल-जस्त. युद्धाने रुपयाच्या पोटातली चांदी काढून घेतली. १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा, लोहचुंबकाला चिकटणारा. भोकाचा पैसा ब्राँझचा. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, तेव्हाचा 'नया पैसा'ही ब्राँझचा. मग १९६० च्या दशकात ॲल्युमिनियमची हलकी चिल्लर सुरू झाली. म्हणजे चांदी, तांबं, निकेल, जस्त, ॲल्युमिनियम आणि भोवती लोखंडी पत्रा, सगळे एकमेकांना टेकून बसलेले.

आलेस्सांद्रो व्होल्टाने नेमकं हेच केलं होतं. चांदी आणि जस्ताच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत त्याने रचली आणि मार्च १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. ती जगातली पहिली बॅटरी. माळ्यावरच्या डब्यात मिठाच्या पाण्याची भूमिका बोटांचा घाम वठवतो. नाणं हाताळताना त्यावर क्षार राहतात, पावसाळ्यात ते ओल धरतात आणि दोन वेगळे धातू जिथे टेकलेले असतात तिथे बारीकसा प्रवाह वाहू लागतो. त्यात नेहमी दुबळा धातू मरतो. दहा पैशांच्या ॲल्युमिनियमच्या नाण्यावर पांढरी भुकटी दिसली आणि शेजारचं तांबं ठणठणीत असलं, तर चूक दहा पैशांची नसते, शेजाराची असते.

चांदीची तऱ्हा वेगळी. तिला ऑक्सिजनचं फारसं काही वाटत नाही, तिचं वैर गंधकाशी. गोबरगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड, लोकरीचा तुकडा, काही प्रकारचे कागद आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रबरबँड, कारण रबर टणक करायला गंधकच वापरतात. पुडीला रबर लावून ठेवलेल्या रुपयावर त्या रबराची काळी रेघ कायमची उमटते. पण हा काळेपणा एकदम येत नाही. सिल्व्हर सल्फाइडचा थर अगदी पातळ असताना नाणं सोनेरी दिसतं, थर वाढला की तांबूस-जांभळं, मग निळं. रंगद्रव्य त्यात काहीच नसतं. थराच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांना कुठे मारतात आणि कुठे साथ देतात, एवढाच तो खेळ. ओल्या डांबरी रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग असेच येतात. परदेशातले काही संग्राहक या छटांसाठी जास्त पैसे मोजतात. मग काही हुशार मंडळी गंधकाची धुरी देऊन त्या मुद्दाम तयार करतात, हेही ओघाने आलंच.

तांब्या-ब्राँझवरचा गडद तपकिरी किंवा गुळगुळीत हिरवा थर घाबरण्यासारखा नसतो, उलट तो आतल्या धातूला पांघरूण घालतो. घाबरायचं ते फिकट हिरव्या, भुसभुशीत, नखाने निघणाऱ्या ठिपक्यांना. याला ब्राँझचा रोग म्हणतात. घामातल्या किंवा मातीतल्या क्लोराइडमुळे नाण्याच्या आत क्युप्रस क्लोराइड तयार होतं. ओल आणि हवा मिळाली की त्याची हिरवी पूड होते, पण त्याच क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं आणि पुन्हा क्लोराइड तयार करतं. हे चक्र मार्सेलाँ बेर्तेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडलं. हवेतली सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या बरीच खाली ठेवली तर चक्र झोपून राहतं. आपल्याकडे आषाढात ती त्याच्या दुपटीवर असते.

प्लॅस्टिकच्या मऊ खिशांचे अल्बम हा आणखी एक सापळा. ते पीव्हीसीचे असतील तर उन्हाळ्यात त्यातला मऊपणा आणणारा द्रव पाझरतो, थोडं आम्लही सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट लेप बसतो. चांगल्या हेतूने घेतलेल्या अल्बमने जितकी नाणी खराब केली असतील, तितकी साध्या कागदी पुडीने केली नसतील असं माझं मत आहे.

इथवरचं रसायनशास्त्र कुठल्याही पुस्तकात सापडेल. डब्याचं खरं महत्त्व ज्याने ओळखलं तो माणूस रसायनवाला नव्हता आणि त्याचं हे काम मराठी वाचकांनाही फारसं ठाऊक नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटलं की मार्क्सवादी इतिहासकार आठवतो, किंवा बौद्ध पंडित धर्मानंदांचा मुलगा. पेशाने ते गणिती. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना त्यांना संख्याशास्त्र आत्मसात करायचं होतं आणि त्यासाठी खराखुरा प्रश्न हवा होता. आधी त्यांनी विद्यार्थ्यांचे परीक्षेतले गुण घेतले. त्यातून फारसं हाती लागलं नाही (परीक्षा घेणाऱ्या कोणालाही याचं नवल वाटू नये). मग ते वळले चांदीच्या प्राचीन आहत नाण्यांकडे. या नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, आहेत फक्त चिन्हांचे ठसे. कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं यावर विद्वानांचे तर्क चालू होते.

कोसंबींनी तराजू घेतला. सुमारे बारा हजार नाणी त्यांनी तोलली आणि त्यांतली सात हजार चक्क त्या वेळच्या बाजारात चालणारी होती! प्राचीन इतिहासाच्या प्रश्नासाठी कोणी वाण्याच्या गल्ल्यातली चिल्लर तोलत बसेल, हे तेव्हाच्या नाणेतज्ज्ञांच्या पचनी पडणं अवघडच होतं. पण युक्तिवाद स्वच्छ आहे. आधुनिक नाण्यावर साल छापलेलं असतं. म्हणून ते किती वर्षं फिरलं हे कळतं, आणि वजन आपण करू शकतो. त्यातून झिजण्याचा नियम काढायचा आणि मग साल नसलेल्या नाण्यांना लावायचा.

नियम असा निघाला. टांकसाळीतून एकाच वर्षी निघालेल्या नाण्यांची वजनंसुद्धा तंतोतंत सारखी नसतात, सरासरीभोवती थोडी पसरलेली असतात. नाणी व्यवहारात पडली की सरासरी वजन वर्षांच्या प्रमाणात उतरत जातं. त्याच वेळी पसाराही वाढत जातो, कारण एक नाणं रोज दहा हातांतून जातं आणि दुसरं कोणाच्या कनवटीला महिनाभर बसतं. एकट्या नाण्याच्या वजनावरून काहीच ठरत नाही. ते मुळातच हलकं निघालं असेल, किंवा जास्त फिरलं असेल. शेकड्यांनी नाणी एकत्र असली, की सरासरी आणि पसारा मिळून वय सांगतात.

आणि इथेच डबा येतो. १९२४ मध्ये तक्षशिलेच्या भीर टेकाडात हजारावर नाण्यांचा साठा सापडला. त्यात अलेक्झांडरची दोन आणि त्याच्यानंतर गादीवर आलेल्या फिलिप अऱ्हिडिअसचं एक, जवळजवळ कोरी नाणी होती. म्हणजे साठा इसवी सनापूर्वी ३१७ च्या सुमारास पुरला गेला. पुरलं त्या दिवशी सगळ्या नाण्यांची झीज एकदम थांबली. कोसंबींनी पाहिलं, की या आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला जे बारीक ठसे आहेत, ते जितके जास्त तितकं नाणं सरासरीने हलकं. त्यांनी अर्थ लावला, की व्यापारी ठरावीक काळाने नाणी तपासून मागे खूण करत असावेत. ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्या मागच्या ठशांनी नाण्यांचा क्रम लावून दिला. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते यावर लिहीत होते. 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये हा विषय सोप्या भाषेत आला फेब्रुवारी १९६६ मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात ते गेले. जनुकांमधली अंतरं काढण्याचं त्यांचं १९४४ चं सूत्र त्यांच्या नावाने जगभर वापरतात. नाण्यांचं काम मात्र तळटीपांतच राहिलं आणि मला त्याची चीड येते.

पत्र मुरबाडचं आहे, तेव्हा हे लांबचं वाटायला नको. कल्याण बंदराकडे घाटावरून उतरणाऱ्या दोन जुन्या वाटा याच दोन तालुक्यांतून जातात : नाशिककडून थळघाट उतरून शहापूर आणि जुन्नरकडून नाणेघाट उतरून मुरबाडचं वैशाखरे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि त्यात यज्ञाच्या दक्षिणेचे आकडे हजारो कार्षापणांत आहेत. कार्षापण म्हणजे हीच नाणी. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, असं प्रत्येक ट्रेकरला सांगितलं जातं. गोष्ट छान आहे, पण आधार परंपरेचाच. रांजणात नाणी सापडलेली नाहीत आणि पाण्याची शक्यताही तेवढीच आहे.

खरा साठा सापडला घाटाच्या वर, नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला, १९०६ मध्ये. क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा पराभव किती पुरता झाला याचा याहून बोलका पुरावा नाही. पण त्याचा जोर सगळा प्रमाणात आहे. हीच नाणी एकेक करून सोनाराकडे गेली असती, तर दोन राजांचे ठसे असलेलं विचित्र नाणं एवढीच नोंद झाली असती.

म्हणून मुरबाडच्या वाचकांना माझं सांगणं : डबा उघडा, पण आतलं लगेच विस्कटू नका. कुठली नाणी कुठल्या पुडीत होती, सोबत काही चिठ्ठी आहे का, हे आधी लिहून काढा, फोटो घ्या. वडिलांनी कुठली नाणी कधी बाजूला काढली यात बाजाराचीही हकीकत असते. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांना नाण्यांच्या जवळ येऊ देऊ नका. आम्ल डागाबरोबर धातूही नेतं आणि घासलं की ठशाच्या कडा जातात; चकचकीत रुपयाला जाणकार कमी पैसे देतात ते यामुळेच. लक्ष्मीपूजनाला ताटात मांडायचे रुपये वेगळे ठेवा, दूध आणि कुंकू बाकीच्यांना सोसणार नाही. फिकट हिरवी पूड दिसलेलं नाणं वेगळं काढा. प्रत्येक धातूची पुडी वेगळी, आम्लरहित कागदाची, आणि डब्यात सिलिका जेल, जे दर पावसाळ्याआधी गरम करून पुन्हा कोरडं करायचं. सागाच्या पेटीचा मोह होईल. पण लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते आणि सातवाहनांची शिशाची नाणी तर अशा कपाटात पांढरी होऊन भुगा होतात. मातीने दोन हजार वर्षं सांभाळलेलं कपाटात काही दशकांत जातं.

घराचा पाया खणताना जमिनीतच काही लागलं, तर मात्र प्रकरण वेगळं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

शिल्लक राहिला एक प्रयोग आणि तो शहापूर-मुरबाडच्या एखाद्या शाळेने करावा अशी माझी फार इच्छा आहे. १९९२ पासूनचं पाच रुपयांचं जाड नाणं घ्या, तांबं-निकेलचं, नऊ ग्रॅमचं. स्टीलपेक्षा ते मऊ, म्हणून झीज दिसण्याची शक्यता जास्त. एका सालाची निदान पन्नास नाणी तरी हवीत. बाजारच्या दिवशी भाजीवाल्या मावशींकडे सुटे मागितले तर हळूहळू जमतील. सोनाराकडे असतो तसा शंभरावा भाग ग्रॅम दाखवणारा काटा पुरेल. सालागणिक सरासरी काढायची, पसारा काढायचा आणि आलेख मांडायचा. अडचण एकच येईल : मूळचं वजन काय धरायचं? सरकारी आकडा नऊ ग्रॅम, पण टांकसाळीचं प्रत्यक्ष वजन त्याच्या थोडं इकडे-तिकडे असतं. तिथे उपयोगी पडतील त्या सालांची कोणाच्या तरी घरात वापराविना पडून राहिलेली कोरी नाणी, फक्त ती कोणी चिंचेने घासलेली नसावीत.