कमी आवाजाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर निवडताना

लांब स्क्रू लाकडात शिरताना विरोध वाढला, की इम्पॅक्ट ड्रायव्हरमधील पोलादी हातोडा ऐरणीवर वेगाने आदळू लागतो. हा आवाज अनेकदा १०० डेसिबलच्या आसपास पोहोचतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये ८ तास काम करता येते. १०० डेसिबलमध्ये मात्र केवळ १५ मिनिटे.

ऑइल-पल्स प्रकारात हा आघात तेलातून पोहोचत असल्याने आवाज बराच घटतो. परंतु टॉर्कही कमी मिळतो. राहत्या घरातील कपाटे, चौकटी यांसाठी तो सोयीचा. जाड, लांब स्क्रू सलग बसवायचे असल्यास साधा ड्रायव्हरच योग्य. आधी बारीक भोक पाडल्यास आघातांचा काळ कमी होतो. इअरप्लग मात्र दोन्हींसाठी आवश्यक. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.