साग टिकतो, स्क्रू गळतात

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग रवाना झाला आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या लाकडाचा बोलबाला झाला. बोटबांधणीत मात्र सागाची मातबरी जुनीच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली मलबारी सागातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे.

अंगच्या तेलामुळे साग पाण्याला दाद देत नाही. दुरुस्तीत तेच तेल आडवे येते. अ‍ॅसिटोनने पुसल्याशिवाय इपॉक्सी नीट धरत नाही.

जुन्या छोट्या शिडाच्या बोटीचा डेक म्हणजे बहुधा फायबरग्लासचे दोन थर, मध्ये बाल्सा किंवा प्लायवूड, आणि वर हौसेने स्क्रू मारून बसवलेल्या सागाच्या पट्ट्या. प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याला आयती वाट. थेंब बिछान्यावर पडतो, भोक मात्र भलतीकडेच असते. म्हणून आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत जायचे. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आतला गाभा कुजल्याचा संशय घ्यावा. मग वरून कितीही सीलंट थापले तरी व्यर्थ! फिटिंग काढून भोक मोठे करायचे, सडलेले लाकूड उकरायचे, पूर्ण वाळू द्यायचे, दाट इपॉक्सी भरायचे आणि त्यातूनच नवे भोक पाडायचे.



दुरुस्तीइतकीच निगाही महत्त्वाची. सागाचा डेक घासताना ब्रश लाकडाच्या रेषांना आडवा फिरवावा. रेषांच्या दिशेने घासल्यास मऊ भाग झिजून चर पडतात.