कलमदानांतील विलायती चाकू : प्रतिस्पर्धी ठशांची पारख

जुनीं दप्तरें, पोथ्या व रुमाल यांचा शोध करीत असतां संग्राहकांच्या हातीं पुष्कळदां एखादें कलमदानही येतें. त्यांत बोरूंचे तुकडे, वाळलेली दऊत, वाळूची डबी आणि एखादा मिटता चाकू असतो. कागदांचें वाचन लगेच सुरू होतें, दऊत कपाटांत मांडली जाते. चाकू मात्र गंजलेला म्हणून बाजूस पडतो, किंवा ज्या रुमालाबरोबर सांपडला त्याच रुमालाच्या काळचा समजून त्यावर ‘पेशवेकालीन’ अशी चिठी चिकटविली जाते. दोन्ही गोष्टी सारख्याच अनिष्ट होत. पहिलीनें एक पुरावा वायां जातो, दुसरीनें खोटा पुरावा तयार होतो. विलायती चाकूवर बहुधा कारखान्याचा ठसा असतो व तो ठसा वाचतां आला तर चाकूच्या काळाची निदान एक बाजू तरी निश्चित होते. ती कशी, हें दाखविण्यासाठीं या चाकूंच्या प्रमुख प्रतिस्पर्धी घराण्यांची तुलना येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम चाकूचें लेखनाशीं नातें पाहूं. बोरू तिरपा तासणें, त्यास चीर देणें व टोंक झिजलें कीं पुन्हां कापणें, यांसाठीं लेखकास बारीक पात्याचा चाकू नेहमीं हाताशीं लागे. फारशींत त्यास ‘कलमतराश’ म्हणजे लेखणी तासणारा असें नांव आहे. युरोपांत पिसाच्या लेखणीसाठीं असाच चाकू लागे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बर्मिंगहॅमचे पोलादी टांक स्वस्त झाले तेव्हां तेथें त्याची गरज सरली, परंतु खिशांतल्या लहान चाकूस इंग्रजींत ‘पेननाइफ’ म्हणजे लेखणीचा चाकू हें नांव कायम राहिलें. चाकूचा दुसरा उपयोग चुकलेलें अक्षर खरवडण्याचा. आपल्याकडील पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत. ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार त्यांतूनच आला. जेथें हरताळाऐवजीं पातें चाललें आहे तेथें कागदाची खळ व घोटाई निघून जाते, तेवढा भाग पातळ होतो आणि नंतर लिहिलेली शाई किंचित् फुटते. असा कागद उजेडासमोर धरला असतां हें ध्यानांत येतें. म्हणून चाकूची माहिती कागद पारखणारासही निरुपयोगी नाहीं.

मिटत्या चाकूचे भाग थोडे आहेत. पातें, त्याचें मूळ, मुठीच्या पाठींतील पोलादी कमान, हें सर्व जोडणारे खिळे व दोहों बाजूंच्या फळ्या. पात्याचें मूळ खिळ्याभोंवतीं फिरतें व कमान त्यावर दाब ठेवते. म्हणून पातें उघडें असतां सहज मिटत नाहीं व मिटलें असतां आपोआप उघडत नाहीं. चांगल्या चाकूंत उघडलेल्या व मिटलेल्या अशा दोन्ही स्थितींत कमान मुठीच्या पाठीशीं एका पातळींत राहते, पातें बाजूस हलत नाहीं आणि मिटतांना स्वच्छ खटका ऐकूं येतो. कारखान्याचा ठसा बहुधा पात्याच्या मुळाशीं असतो. धार लावतांना तो भाग झिजत नसल्यामुळें पातें अर्धें उरलें तरी ठसा टिकतो.

विलायती चाकूंत अग्रस्थान इंग्लंडांतील शेफील्ड शहराचें. तेथील चाकूवाल्यांची संस्था, हॅलमशायरची कटलर्स कंपनी, १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाली व कारागिरांचीं चिन्हें नोंदून घेण्याचें काम तिच्याकडे आलें. या नोंदींमुळेंच आज ठशांचा इतिहास सांगतां येतो. शेफील्डच्या घराण्यांत हिंदुस्थानच्या दृष्टीनें मुख्य जोसेफ रॉजर्स. तारा व माल्टी क्रूस हें त्यांचें जोडचिन्ह १७६४ सालीं कटलर्स कंपनीकडे त्यांच्या नांवें नोंदलें गेलें. १८२२ सालीं त्यांस चौथ्या जॉर्ज राजाचे चाकूवाले म्हणून राजमान्यता मिळाली. त्याच सालीं त्यांनीं जितके सन तितकीं, म्हणजे १८२२ पातीं असलेला एक प्रदर्शनी चाकू घडविला. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनासाठीं त्यांनीं केलेला ७५ पात्यांचा ‘नॉर्फोक’ चाकूही प्रसिद्ध आहे. हे चाकू वापरण्यासाठीं नसून कसब दाखविण्यासाठीं होते, हें सांगावयास नकोच.

त्यांचा शेफील्डमधलाच प्रतिस्पर्धी जॉर्ज वोस्टनहोम. त्याचें चिन्ह ‘आय’, तारा, ‘एक्स एल’ असें आहे. इंग्रजींत तीं अक्षरें ओळीनें उच्चारलीं कीं ‘मी सरस आहें’ अशा अर्थाचें वाक्य होतें. १७८७ सालचें हें चिन्ह पुढें वोस्टनहोम घराण्याच्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें. या घराण्याची मुख्य दृष्टि अमेरिकेकडे होती; १८४८ मधील त्यांच्या कारखान्याचें नांवही ‘वॉशिंग्टन वर्क्स’ असें ठेविलेलें होतें. उलट रॉजर्स यांची भिस्त राजाश्रयाच्या लौकिकावर व वसाहतींसह दूरदूरच्या बाजारांवर होती. तेव्हां हिंदुस्थानांतील जुन्या घरांत रॉजर्सचा ठसा अधिक दिसावा व वोस्टनहोमचा कमी, हें स्वाभाविक आहे. त्यावरून एकाचा माल दुसऱ्यापेक्षां चांगला होता असें अनुमान मात्र निघत नाहीं. १९७१ सालीं हीं दोन्ही घराणीं एकत्र आलीं.

गुणांची तुलना करूं लागलें कीं एक अडचण उभी राहते. शेफील्डमध्यें पातें घडविणारा, तें घासणारा व चाकू जुळविणारा हे निरनिराळे कारागीर असत. त्यांपैकीं पुष्कळ जण स्वतंत्र लहान कारागीर असून अनेक कारखान्यांचें काम घेत. म्हणजे दोन प्रतिस्पर्धी ठशांच्या चाकूंमागें एकच हात असणें अशक्य नव्हतें. ठसा हा कारागिराचें नांव सांगत नाहीं; माल तपासून आपल्या नांवानें विकणाऱ्या घराण्याची हमी सांगतो. ज्यानें सहाणेवर बसून पोलादाची व दगडाची धूळ छातींत घेतली, व त्या पायीं बहुधा अकालीं मृत्यु पावला, त्याचें नांव पात्यावर कोठेंही नाहीं. म्हणून संग्राहकानें चाकूचा गुण त्याच्या बांधणीवरून ठरवावा आणि ठशाचा उपयोग काळ व उगम यांच्यापुरता करावा.

तिसरा प्रतिस्पर्धी जर्मनींतील सोलिंगेन शहर. येथील हेंकेल्स घराण्याचें जुळ्या भावांचें चिन्ह १७३१ सालीं नोंदलें गेलें, म्हणजे तें रॉजर्सच्या नोंदीहून ३३ वर्षांनीं जुनें आहे. झाडाचें चिन्ह असलेलें बोकर घराणें त्याच गांवीं १८६९ मध्यें स्थापन झालें. उत्तम सोलिंगेन माल शेफील्डच्या तोडीचा असे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतून हलका मालही पुष्कळ निघूं लागला व त्यांतील कांहींवर शेफील्डचें नांव घातलें जाऊं लागलें. या तक्रारींवरून १८८७ सालीं इंग्लंडांत व्यापारी मालावरील चिन्हांचा कायदा झाला. हिंदुस्थानांत तसा कायदा १८८९ सालीं आला. परक्या मालावर इंग्रजी नांव घालावयाचें तर खरा देशही लिहिणें भाग पडलें. इंग्रजींतून ‘जर्मनींत तयार झालेलें’ असे शब्द ज्या चाकूवर आहेत तो बहुधा या कायद्यानंतरचा समजावा.

नकला केवळ परदेशींच होत असें नाहीं. रॉजर्स हें आडनांव शेफील्डमध्यें इतरांचेंही होतें आणि खुद्द तेथील चाकूवाल्यांवरच या घराण्यास फिर्यादी कराव्या लागल्या. १८४० नंतरच्या दशकांतील ‘रॉजर्स विरुद्ध नोविल’ हा खटला इंग्रजी कायद्याच्या ग्रंथांत अद्याप उल्लेखिला जातो. दुसऱ्याचें चिन्ह वापरल्याबद्दल, विशेष नुकसान सिद्ध न झालें तरी, दावा चालतो असें त्यांत ठरलें. यावरून ‘रॉजर्स’ एवढा शब्द पाहून समाधान मानूं नये, तारा व क्रूस दोन्ही पाहावे, हें उघड आहे.

आतां कालनिर्णयाची रीत सांगूं. राजमान्यता १८२२ ची असल्यामुळें मुकुट व राजाचीं आद्याक्षरें असलेला रॉजर्सचा चाकू त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. पेशवाई १८१८ सालीं संपली. तेव्हां असा चाकू पेशवाईंतील दप्तराबरोबर सांपडला तरी तो मागाहून त्यांत आला हें निश्चित. ‘व्ही’ व ‘आर’ हीं अक्षरें व्हिक्टोरिया राणीचीं, म्हणजे १८३७ नंतरचीं. ‘जी’ व ‘आर’ हीं मात्र फसवीं आहेत. तीं चौथ्या जॉर्जचीं असतील, किंवा १९१० नंतरच्या पांचव्या अगर त्यानंतरच्या सहाव्या जॉर्जचींही असतील. न गंजणाऱ्या पोलादाचा उल्लेख असेल तर चाकू १९१३ नंतरचा, कारण त्या सालीं हॅरी ब्रिअर्ली यांनीं शेफील्ड येथें तें पोलाद ओतलें.

स्वित्झर्लंडांतील लष्करी चाकूंचेंही असेंच आहे. कार्ल एल्सेनर यांनीं १८८४ मध्यें काढलेल्या कारखान्यानें ‘व्हिक्टोरिया’ हें नांव १९०९ मध्यें घेतलें व १९२१ मध्यें तें ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झालें. तेव्हां ज्या ठशांत हें दुसरें नांव आहे तो चाकू १९२१ च्या पूर्वींचा नव्हे. त्याचा प्रतिस्पर्धी वेंगर. १९०८ पासून सरकारनें लष्कराची मागणी दोघांत अर्धी अर्धी वांटली होती. २००५ सालीं व्हिक्टोरिनॉक्सनें वेंगर विकत घेतलें.

या सर्व खुणांनीं काळाची अलीकडची नव्हे, पलीकडची मर्यादा कळते. अमुक सालापूर्वींचा नाहीं एवढेंच त्या सांगतात; त्या नसल्या म्हणून चाकू जुना ठरत नाहीं. राजाक्षरें नसलेला तारा-क्रूसाचा चाकू पेशवाईंतला असूं शकेल, परंतु तो आहेच असें म्हणण्यास दप्तरांतील यादी, जमाखर्च किंवा पत्र यांचा स्वतंत्र आधार हवा.

‘विलायती’ या शब्दानेंही फसूं नये. मुठींच्या फळ्यांसाठीं हिंदुस्थानांतील सांबरशिंग शेफील्डला जात असे व येथलेंच शिंग येथें परत येई. पोलादाचाही असा एक दाखला आहे. १७९४ सालीं मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं येथील ‘वुट्झ’ पोलाद लंडनास सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविलें. जॉर्ज पिअर्सन यांनीं १७९५ मध्यें रॉयल सोसायटीपुढें त्यावर निबंध वाचला. त्या परीक्षेसाठीं जेम्स स्टोडार्ट नांवाच्या चाकूवाल्यानें त्या पोलादाचा घडविलेला जिन्नस लेखणी तासण्याचा चाकूच होता.

संग्राहकांस शेवटीं इतकेंच सुचवावयाचें. चाकू सांपडतांच तो कोणत्या रुमालाबरोबर, कोणत्या कलमदानांत सांपडला हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. गंज काढण्यासाठीं वाळू, लिंबू किंवा कानस लावूं नये. पात्यासाठीं केलेल्या या सेवेंत ठसा कायमचा नाहींसा होतो. कोरड्या मऊ फडक्यानें धूळ पुसून पात्याच्या दोन्ही बाजूंच्या ठशांचें छायाचित्र घ्यावें. गंजाचे डाग कागद खातात, यासाठीं चाकू कागदांपासून वेगळा ठेवावा, परंतु दोहोंवर एकच क्रमांक घालावा. अशी नोंद असेल तर एका लहानशा चाकूवरून दप्तर मागाहून कोणी उघडलें, केव्हां हाताळलें व त्यांत काय घातलें हें कधीं कधीं ठरवितां येईल. ज्या कागदावर वंशाचा किंवा वतनाचा निर्णय अवलंबून आहे त्याच्या बाबतींत ही गोष्ट लहान नव्हे.