गिधाडं गेली, माणसं दगावली

गुरांच्या सुजेवर, दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक १९९० च्या दशकात स्वस्त झालं आणि गावोगावी पोचलं. औषध टोचलेलं जनावर मेलं, की गिधाडं ते खायची आणि काही दिवसांतच मरायची. मूत्रपिंडं निकामी झालेली; शवविच्छेदनात हृदयावर, यकृतावर युरिक ॲसिडचा खडूसारखा पांढरा थर! पाकिस्तानातल्या अभ्यासातून हे कोडं २००४ मध्ये सुटलं. भारतात मात्र २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक उरलं होतं.

याची किंमत माणसांनीही मोजली. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांना अनुकूल आणि प्रतिकूल जिल्ह्यांतल्या मृत्युदरांची तुलना केली. २००० ते २००५ दरम्यान सुमारे ५ लाख जादा मृत्यू, असा त्यांचा २०२४ मधला अंदाज. मेलेली गुरं उघड्यावर सडली, पाणी दूषित झालं, भटकी कुत्री आणि रेबीजचा धोका वाढला. इतकी मोठी हानी, आणि तिचा हिशेब मांडायला दोन दशकं लागली, हे फार बोचतं.

गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे, पशुवैद्याकडे तोच मागावा. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे संख्या अतिशय सावकाश वाढते.